टीईटीचा शिकवणी वर्ग लावावा का? नोकरीत असलेल्या एका शिक्षिकेचे परीक्षण

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजेच टीईटी, झाली आणि तिच्यासाठी मी लावलेल्या खासगी वर्गाची मुदतही त्याच रात्री संपली. हे लिहीत असताना माझा निकाल लागलेला नाही, आणि परीक्षण लिहायला हीच वेळ मला बरी वाटते. कारण उत्तीर्ण झाले तर वर्गाचे कौतुक जरा सढळ हाताने होईल आणि नापास झाले तर माझ्या न झालेल्या अभ्यासाचे खापर वर्गावर फुटेल. वर्गाचे नाव मी देत नाही. पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी तो चालतो, तेथे शिकवणारी बहुतेक मंडळी तासांवर मानधन घेणारी तरुण मुले आहेत, आणि याच साच्याचे वर्ग आता जवळपास प्रत्येक मोठ्या गावात निघालेले असल्यामुळे एकाच पाटीकडे बोट दाखवण्यात फारसा अर्थ नाही. ज्यांना पुढची परीक्षा द्यायची आहे त्यांना पैसे कशावर खर्च करावेत आणि कशावर करू नयेत, एवढे समजले तरी पुरे.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी व चौथीचे वर्ग सांभाळते. २००३ साली डी.एड. करून शिक्षणसेवक, म्हणजे पहिली तीन वर्षे मानधनावर काम करणारी शिक्षिका, म्हणून लागले तेव्हा मानधन महिना ३,००० रुपये होते आणि पात्रता परीक्षा नावाची गोष्ट अस्तित्वातच नव्हती. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने ती आणली आणि आमच्यासारख्या आधीच नेमल्या गेलेल्यांना तिच्यातून वगळले, म्हणून इतकी वर्षे आम्ही निश्चिंत होतो. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्यांच्या सेवानिवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरला आहे त्यांनी दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवा सोडावी. ज्यांचा काळ त्याहून कमी उरला आहे त्यांना निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण परीक्षेशिवाय पदोन्नती मिळणार नाही. माझी निवृत्ती २०३९ मध्ये आहे. निकालाच्या बातमीनंतर आठवडाभरातच आमच्या केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील, शिक्षकांच्या मोबाईलवर निरनिराळ्या वर्गांच्या जाहिराती येऊन पडू लागल्या, आणि त्यांतील बहुतेकांनी 'सेवेतील शिक्षकांसाठी खास बॅच' हे शब्द ठळक अक्षरांत छापले होते.

मी निवडलेल्या वर्गाचे शुल्क पहिल्या पेपरसाठी, म्हणजे पहिली ते पाचवीसाठी, ५,५०० रुपये होते. सोमवार ते शुक्रवार रात्री आठ ते साडेनऊ ऑनलाइन तास, रविवारी सकाळी प्रत्यक्ष वर्ग, छापील टिपांचे पाच संच आणि अॅपवर बारा सराव चाचण्या असा ऐवज होता. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत, मधली दिवाळी धरून, तो चालला. 'खास बॅच' ही मात्र केवळ जाहिरातीपुरती होती. पहिल्याच दिवशी पडद्यावर पाहिले तर आमच्यासारखे चाळिशी-पन्नाशीतले शिक्षक आणि नुकतीच पदविका घेतलेली मुले एकाच तासाला बसलेली होती, आणि शिकवणारेही त्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवूनच शिकवत होते. त्याबद्दल माझी तक्रार फार नाही, कारण त्या मुलांमुळेच मला या वर्गातली एक चांगली गोष्ट अनुभवायला मिळाली. तिच्याविषयी पुढे लिहीन. पण जे विकत घेतले ते मिळाले नाही, हे नोंदवायला हवे.

सर्वांत उपयोगी पडलेल्या सेवेपासून सुरुवात करते, ती म्हणजे सराव चाचण्या. पेपरला १५० प्रश्न आणि १५० मिनिटे असतात. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या पाच विभागांना प्रत्येकी ३० गुण असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. हे सगळे वाचून माहीत होते. पण हातात काळ्या शाईचे पेन धरून दीडशे गोल एकामागून एक भरायचे म्हणजे काय, हे पहिल्या रविवारी कळले. वीस-बावीस वर्षे दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाला स्वतःची उत्तरपत्रिका लिहिण्याची सवय उरलेली नसते. शंभराव्या प्रश्नानंतर चष्म्याखालच्या ओळी सरकू लागतात, एक प्रश्न सोडला की पुढचे चार गोल एक-एक घर खाली भरले जातात, आणि ते लक्षात येईपर्यंत दहा मिनिटे गेलेली असतात. अॅपवरच्या चाचण्यांखेरीज या वर्गाने चार रविवारी परीक्षेसारखीच छापील उत्तरपत्रिका देऊन, घड्याळ लावून, पर्यवेक्षकासह चाचण्या घेतल्या, आणि दुसऱ्या दिवशी विभागवार गुणांचा तक्ता पाठवला. त्या कामात कुठेही कसूर नव्हती. पहिल्या चाचणीत मला ८१ गुण होते, शेवटच्या चाचणीत १०४. वाढलेल्या २३ गुणांपैकी ९ गणितात, ८ बालमानसशास्त्रात आणि उरलेले दोन्ही भाषा व परिसर अभ्यास मिळून आले. यातला शिकवण्याचा वाटा किती आणि वेळ सांभाळायला शिकल्याचा किती, याचा हिशेब मी बराच वेळ केला. माझ्या अंदाजाने निम्म्याहून अधिक गुण निव्वळ घड्याळाने मिळवून दिले.

आता गणिताविषयी. गणित शिकवणारे सर पंचविशीचे, चटपटीत, फळ्यावर हात वेगाने चालणारे आहेत आणि मुलांमध्ये ते अतिशय लोकप्रिय आहेत. लसावि-मसावि, शेकडेवारी, सरळव्याज, काळ-काम-वेग या प्रत्येक प्रकरणाला त्यांच्याकडे 'ट्रिक' असते आणि तासाची सुरुवातच 'आजची ट्रिक लिहून घ्या' अशी होते. आगगाडीच्या उदाहरणांच्या वेळी त्यांनी सांगितले की ताशी किलोमीटर दिले असतील तर ५/१८ ने गुणायचे आणि पुढे जायचे. मी खालच्या चौकटीत लिहून विचारले की ५/१८ कुठून आले ते एकदा दाखवाल का? सरांनी प्रश्न वाचला, हसले आणि म्हणाले, 'मॅडम, परीक्षेत कारण विचारत नाहीत.' खरे तर ते दाखवायला एक मिनिटही लागत नाही. एका किलोमीटरचे १,००० मीटर, एका तासाचे ३,६०० सेकंद, आणि १,००० भागिले ३,६०० यांना २०० ने भाग घालवला की ५/१८ उरतात. एवढे ज्याला माहीत आहे तो परीक्षेच्या घाईत ५/१८ की १८/५ असा गोंधळ झाला तर स्वतःला सावरून घेतो. ज्याने फक्त सूत्र पाठ केले आहे त्याच्यापाशी सावरायला काहीच नसते.

सरांचे म्हणणे परीक्षेपुरते खोटे नव्हते, हे कबूल करायला हवे. माझे वाढलेले ९ गुण त्यांच्याच ट्रिकांनी वाढवले आहेत. परंतु ही परीक्षा चौथीच्या मुलांना गणित शिकवू शकणारा शिक्षक निवडण्यासाठी आहे, आणि तिच्या तयारीच्या वर्गात 'कारण विचारू नका' हे पहिले सूत्र असेल, तर तेथून निघालेला तरुण शिक्षक आपल्या वर्गात जाऊन काय सांगणार, हा विचार मला त्या रात्री बराच वेळ सोडत नव्हता. आमच्या शाळेत हातच्याची वजाबाकी शिकवताना दशकाची एक जुडी सोडून तिच्या दहा सुट्या काड्या मोजायला लावण्यात मी दरवर्षी दोन आठवडे घालवते, ते याच 'का'साठी. नंतर मला असेही वाटले की दोष एकट्या सरांचा नाही. ६० टक्क्यांची रेषा ओलांडून देण्याचे पैसे आम्ही त्यांना दिले होते, आणि त्यांनी नेमका तेवढाच माल मोजून दिला.

बालमानसशास्त्राचा विभाग असाच होता, पण तेथे मला अनपेक्षित लाभ झाला. पियाजेच्या चार अवस्था, कोहलबर्गच्या नैतिक विकासाच्या तीन पातळ्या, थॉर्नडाइकचे अध्ययनाचे नियम, पाव्हलॉव्हचा कुत्रा आणि स्किनरचा उंदीर हे सगळे तक्त्यांत बसवून, पहिली अक्षरे जोडून केलेल्या शब्दांत पाठ करून घेतले गेले. डी.एड.ला असताना आम्हीही ते असेच पाठ केले होते आणि नोकरी लागताच विसरलो होतो. फरक एवढाच की आता त्या तक्त्याच्या प्रत्येक ओळीला माझ्यापाशी चेहरे होते. दोन ते सात वर्षे ही पूर्वसंक्रियात्मक अवस्था, तिच्यात मुलाला संधारण, म्हणजे भांडे बदलले तरी प्रमाण तेच राहते हे, समजत नाही, असे टिपेत वाचले आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पहिलीतल्या एका मुलीला बोलावून तिच्यासमोर दोन सारखे पेले पाण्याने भरले. दोन्हींत सारखेच आहे, असे तिने स्वतः सांगितले. मग एका पेल्यातले पाणी मी तिच्याच नजरेसमोर उंच, अरुंद बाटलीत ओतले. बाटलीत जास्त झाले, असे ती अगदी खात्रीने म्हणाली आणि मी वेड्यासारखे विचारते आहे, अशा नजरेने माझ्याकडे पाहत राहिली. तिसरीतला एक मुलगा बाजूला उभा होता. तो पटकन म्हणाला, 'ओतलंय तेच की, बाई.' या दोन मुलांनी मला जे सांगितले ते टिपेतल्या तक्त्यात होतेच, पण तक्ता पाठ करून घेणाऱ्या तासात कोणी असा पेला हातात घेतला असता, तर शेजारच्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांना तो आयुष्यभर पुरला असता. व्हायगॉट्स्कीचे निकटवर्ती विकासक्षेत्र, म्हणजे मुलाला एकट्याने जमत नाही पण कोणाच्या मदतीने जमते तो टप्पा, तर द्विशिक्षकी शाळेत रोजच दिसतो; चौथीतली मुलगी तिसरीतल्याला भागाकार समजावून सांगते तेव्हा आम्ही दुसरे काय करत असतो? त्यावर वर्गात एक वाक्य खर्च झाले, आणि तेही 'यावर एक प्रश्न नक्की येतो' या शब्दांत.

मराठी व्याकरण शिकवणारे गुरुजी निवृत्त हायस्कूल शिक्षक होते आणि संपूर्ण वर्गात शिकवणे म्हणता येईल असे जे होते ते बहुतांशी त्यांच्याच तासाला होते. प्रयोग शिकवताना त्यांनी व्याख्या आधी सांगितली नाही. 'रामाने रावण मारला' आणि 'रामाने रावणास मारले' ही दोन वाक्ये फळ्यावर लिहून त्यांनी रावणाच्या जागी शूर्पणखा घालायला सांगितले आणि क्रियापद कुठल्या वाक्यात बदलते ते आम्हालाच शोधायला लावले. पहिल्यात 'मारली' होते, दुसऱ्यात 'मारले' तसेच राहते; मग कर्मणी आणि भावे ही नावे त्यांनी सर्वांत शेवटी लिहिली. असा तास पाहून वीस वर्षांच्या नोकरीनंतरही हात जोडावेसे वाटतात. इंग्रजीचा विभाग जेमतेम होता, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

टिपांचे संच ही या सेवेची सर्वांत कच्ची बाजू आहे. कागद गुळगुळीत, मुखपृष्ठ रंगीत, आणि आत परिसर अभ्यासाच्या संचात महाराष्ट्रात ३५ जिल्हे असल्याचे छापलेले. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, तेव्हापासून ते ३६ आहेत. म्हणजे हा मजकूर निदान अकरा वर्षांपूर्वी कुठून तरी उचललेला आणि त्यानंतर एकाही माणसाने न वाचलेला आहे. शिक्षणहक्क कायदा '२००९ पासून लागू' असे दुसऱ्या संचात आहे. कायदा २००९ चा असला तरी तो अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी, आणि असल्याच फरकावर परीक्षेत चार पर्याय मांडलेले असतात. मी चुकांची यादी करून पाठवली. 'पुढच्या आवृत्तीत सुधारू' असे उत्तर आले, पण बॅचमधल्या इतरांना दुरुस्ती कळवली गेली नाही. याच संचात, पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुले असतील तर शिक्षक किती, असा प्रश्न होता. उत्तर दोन. त्या दोघांनी मिळून किती इयत्ता शिकवायच्या, हे मात्र कोणी विचारत नाही, असो.

वास्तविक परिसर अभ्यासासाठी कोणत्याही वर्गाच्या टिपा विकत घेण्याची गरजच नाही. बालभारतीची तिसरी ते पाचवीची पुस्तके, चौथीचे शिवछत्रपतींचे पुस्तक धरून, नीट वाचली की विभागाचा मोठा भाग हातात येतो. ती संकेतस्थळावर मोफत मिळतात आणि नोकरीत असलेल्यांच्या तर कपाटातच असतात. जुन्या प्रश्नपत्रिका मिळवून त्या वेळ लावून सोडवल्या की टिपांची उणीव भासत नाही. मी दिवाळीच्या सुट्टीत टिपा बाजूला ठेवून पुस्तके वाचली. इतकी वर्षे शिकवत असलेले धडे परीक्षार्थी म्हणून वाचताना कोणते चित्र किंवा कोणता तक्ता मी दरवर्षी घाईने उलटते, हे नव्याने दिसले.

आता त्या तरुण मुलांविषयी, कारण वर्गाचा खरा ग्राहक तेच आहेत. आमच्यासाठी टीईटी म्हणजे नोकरी टिकवण्याची अट. त्यांच्यासाठी ती दारापर्यंत पोहोचण्याची पहिली पायरी. तिच्यानंतर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी असते, जिला सगळे 'टेट' म्हणतात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना टीईटी व टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत हे समजावता समजावता मुले थकून जातात. टेटला २०० प्रश्न आणि १२० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. तिच्यात १२० गुण अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे असतात, आणि तिच्याच गुणांवर पवित्र पोर्टल या शासनाच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळामार्फत शिक्षकांची शिफारस होते. खासगी संस्थांतल्या नेमणुकांतली देवाणघेवाण थांबावी आणि गुणवत्ता सर्वांना दिसावी, हा हेतू मनात धरून २०१७ साली ही व्यवस्था आली. हेतूविषयी माझ्या मनात शंका नाही. माझ्या पिढीतल्या अनेकांनी संस्थेच्या दारात काय मोजले ते मी पाहिले आहे. पण २०१७ च्या डिसेंबरनंतर ही चाचणी थेट २०२३ मध्ये झाली आणि त्यानंतर २०२५ मध्ये. आठ वर्षांत तीन वेळा. २०२३ च्या चाचणीवर आधारलेल्या भरतीत २१,६७८ पदांची जाहिरात निघाली, त्यातली १२,५२२ जिल्हा परिषदांची आणि ५,७२८ खासगी संस्थांची होती, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलाखतीशिवायच्या पदांसाठी ११,०८५ उमेदवारांची शिफारस झाली. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला त्या यादीत थोडक्यात हुलकावणी मिळाली होती. तिने बी.एड. केलेले आहे आणि ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीची दारे बी.एड.धारकांना बंद झाली, म्हणून आता ती दुसऱ्या, म्हणजे सहावी ते आठवीच्या, पेपरच्या मागे आहे. निवड झालीच तर आधी तीन वर्षे शिक्षणसेवक. मानधन जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,००० रुपये झाले आहे. माझ्या ३,००० च्या तुलनेत ते बरे दिसते, पण तेव्हाचा एस.टी.चा पास आणि आताचा पास यांचीही तुलना करायला हवी.

या मुलांसाठी वर्गाने २,००० रुपये जादा घेऊन 'मुलाखत व पाठ' अशी वेगळी तयारी ठेवली होती. खासगी संस्थांतली काही पदे मुलाखतीसह असतात आणि तेथे प्रत्यक्ष शिकवून दाखवावे लागते. त्यासाठी एका रविवारी व्याकरणाच्या गुरुजींनी सेवेतल्या आम्हा सहा जणांना 'विद्यार्थी म्हणून बसाल का?' असे विचारले. शुल्क न भरता आम्ही बसलो. एका मुलाने चौथीचा अपूर्णांकाचा पाठ घेतला. आधी व्याख्या, मग अंश, छेद, मग फळ्यावर चार उदाहरणे. पाठ टाचण नेटके, अक्षर सुंदर. मी चौथीतल्या मुलासारखा हात वर करून विचारले, 'सर, एक छेद दोनपेक्षा एक छेद चार मोठा ना? चार मोठे आहेत की दोनापेक्षा.' दरवर्षी कोणी ना कोणी हे विचारतेच. तो मुलगा थबकला आणि म्हणाला, 'नियम असा आहे की छेद मोठा असेल तर अपूर्णांक लहान.' गुरुजींनी पाठ तेथेच थांबवला आणि सगळ्यांना एकच प्रश्न टाकला: मूल का चुकले?

पुढचा दीड तास त्या एका प्रश्नावर गेला. कोणी म्हणाले मुलाचे लक्ष नव्हते, कोणी म्हणाले व्याख्या पाठ नव्हती. शेवटी माझ्या शेजारची ती बी.एड.वाली मुलगी हळूच म्हणाली की मूल चुकलेलेच नाही. त्याने आजवर शिकलेली मोजणी तो प्रामाणिकपणे वापरतो आहे, कारण त्याच्यासाठी चार हा आकडा नेहमीच दोनाच्या पुढे होता. मग तिने फळ्यावर भाकरी काढली, ती दोघांत वाटली, मग चौघांत, आणि कोणाच्या ताटात मोठा तुकडा येतो ते विचारले. आमच्यातल्या एकाने मूल होऊन हट्ट धरला की चौघांत वाटली तर तुकडे जास्त मिळतात. त्यावरही तिने न चिडता 'तुझ्या एकट्याच्या ताटात किती?' असे विचारले. ज्याने आधी नियम सांगितला होता तो मुलगा तोंड न पाडता पुन्हा उभा राहिला आणि कागदाच्या पट्ट्यांच्या घड्या घालून त्याने तोच पाठ दुसऱ्यांदा घेतला. डी.एड.च्या छात्रसेवाकालात आमच्या पाठांवर असे बोलणारे निरीक्षक आम्हाला लाभले होते, आणि इतक्या वर्षांत नोकरीत असताना माझ्या पाठावर इतके नेमके कोणीच बोललेले नाही. मी घरी परतले ती माझा स्वतःचा अपूर्णांकाचा घटक नव्याने बांधायचा ठरवूनच.

हे सत्र पुन्हा झाले नाही. चौकशी केली तेव्हा कळले की २,००० रुपये भरणारे केवळ अकरा जण होते, आणि त्या रविवारची जागा टेटच्या बुद्धिमत्तेच्या जादा तासाला दिली गेली, कारण त्याची मागणी मोठी आहे. अकरा जणांचे पैसे पुढच्या बॅचच्या शुल्कात वळते करून दिले, रोख परत मिळाले नाहीत. संचालकांच्या व्यवहारात त्यांना तोटा दिसला असेल. पण संपूर्ण आठ-नऊ आठवड्यांत शिक्षक घडवण्याचे काम जेथे झाले ती जागा हीच होती, आणि ती सर्वांत आधी गेली.

आणखी एक गोष्ट शुल्क भरण्याआधी विचारून घ्यावी. तासांची रेकॉर्डिंग्ज व सराव चाचण्या 'परीक्षेपर्यंत' उपलब्ध असतात, असे जाहिरातीत बारीक अक्षरांत असते. त्याचा अर्थ परीक्षेच्या दिवशी मध्यरात्री सगळे बंद होते. न्यायालयाने आम्हाला दोन वर्षे दिली आहेत, वर्गाने नऊ आठवडे. ज्याला दुसऱ्यांदा बसावे लागेल त्याने पुन्हा पूर्ण शुल्क भरायचे. माझी परीक्षेआधीची दोन रेकॉर्डिंग्ज पाहायची राहिली, कारण त्याच आठवड्यात नगरपरिषद निवडणुकीच्या प्रशिक्षणाचे पत्र आले. शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामे देऊ नयेत, असे सांगणाऱ्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये निवडणुकीचा अपवाद आहे, हे उत्तर मी दोन दिवसांपूर्वीच पाठ केले होते, त्यामुळे पत्र वाचून हसू आले.

गुणच द्यायचे तर सराव चाचण्यांना पाचापैकी साडेचार, व्याकरणाच्या तासांना पाच, गणिताला तीन, बालमानसशास्त्राला अडीच, टिपांना एक. केवळ चाचण्या घ्यायच्या असतील तर हा वर्ग त्या १,२०० रुपयांत स्वतंत्रपणे देतो, पण ते जाहिरातीत लिहीत नाही. कार्यालयात जाऊन विचारावे लागते. गणिताशी फारकत घेऊन बरीच वर्षे झाली असतील आणि घरी समजावून सांगणारे कोणी नसेल, तर पूर्ण वर्ग लावण्याला अर्थ आहे. पहिली ते पाचवीला रोज शिकवणाऱ्या माणसाला चाचण्या आणि बालभारतीची पुस्तके पुरेशी आहेत, असे माझे मत झाले आहे. नव्या मुलामुलींनी वर्ग निवडताना तेथे उभे राहून शिकवायला मिळते का आणि शिकवल्यावर कोणी बोलते का, हे आधी विचारावे. उत्तर गुळमुळीत आले तर बाकीच्या रंगीत कागदावर जाऊ नये.

आमच्या शाळेतले माझे सहकारी गुरुजी पुढच्या परीक्षेला बसणार आहेत. त्यांना मी फक्त चाचण्यांचे पैसे भरायला सांगितले आहे आणि माझे पाच संच दिले आहेत. देण्याआधी पेन्सिल घेऊन बसले होते. परिसर अभ्यासात सव्वीस ठिकाणी खुणा झाल्या, आणि पालघर समासात लिहिले आहे.